भुकेला भूकच म्हणणाऱ्या पंडिता रमाबाई

जव्हार-मोखाड्याचे नाव शहरातल्या वर्तमानपत्रात बहुधा पावसाळ्यात येते. एक बातमी दाभोशाच्या धबधब्याची असते, दुसरी बालमृत्यूची. दुसरी बातमी आली की तिच्यामागोमाग एक वादही ठरल्यासारखा येतो. मूल कुपोषणाने गेले की आजाराने? कागदावर न्यूमोनिया असतो, जुलाब असतात, ताप असतो, जन्मतःच कमी वजन असते. ‘भूक’ हा शब्द मात्र नसतो. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक आदिवासी बालके दगावली तेव्हाही हाच प्रश्न होता. 2014 मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, पोषण पुनर्वसन केंद्रे आली, अमृत आहार योजना आली, अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायच्या पट्ट्या आल्या. वाद मात्र तिथेच राहिला.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने या वादात फारसा दम नाही. ज्या मुलाच्या अंगात राखीव असे काहीच उरलेले नाही, त्याच्या आतड्याचे अस्तर पातळ झालेले असते आणि रोगप्रतिकारक पेशी तयार करणाऱ्या ग्रंथी आकसलेल्या असतात. जंतूंशी लढताना ताप यावा लागतो, पण तो येण्याइतकीही ताकद कधी कधी त्या शरीरात नसते. म्हणून अतिकुपोषित मुलाला न्यूमोनिया झाला असूनही त्याचे अंग गार लागू शकते. धडधाकट मूल ज्या जुलाबातून चार दिवसांत उठते, त्यातच हे मूल जाते. जगभरात पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्यांच्या मुळाशी कुपोषण असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. न्यूमोनिया खरा असतो आणि भूकही खरी असते. कागदावर दोहोंपैकी कोणते नाव चढवायचे, हा प्रश्न डॉक्टरांपुरता राहत नाही.

या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेली एक बाई महाराष्ट्रात होऊन गेली. पंडिता रमाबाईंची ओळख आपल्याला शाळेत होते ती समाजसुधारक म्हणून, विधवांसाठी शारदा सदन काढणारी म्हणून आणि थोड्या खालच्या आवाजात, ख्रिस्ती झालेली म्हणून. आरोग्याच्या सदरात त्यांना जागा का, असे कुणी विचारील. त्यांचे सगळे आयुष्य उपासमार, पटकी आणि प्लेग या तिघांच्या सोबतीने गेले. त्यांचे बरेचसे काम तिथूनच निघाले.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित. बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले म्हणून त्यांना शास्त्रीमंडळींचा रोष पत्करावा लागला. पुढे घरची मिळकत संपली आणि हे कुटुंब तीर्थांतून पुराणे सांगत फिरू लागले. आईने शिकवलेले हजारो श्लोक लेकीच्या तोंडी होते. पुराण सांगावे, लोक दक्षिणा देतील ती घ्यावी आणि पुढच्या गावी चालू लागावे, असा क्रम होता.

1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा ऐकणाऱ्यांच्याच घरी धान्य उरले नाही. डोंगरे कुटुंबाने दागिने विकले, मग भांडी विकली. मजुरी करायची तर सवय नव्हती आणि जात आड येत होती. भीक मागायची तर विद्वत्ता आड येत होती. एक दिवस शेवटचा तांदूळ संपला. त्यानंतरचे अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्याचे रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. दृष्टी गेलेल्या वृद्ध वडिलांनी तीर्थात जलसमाधी घेण्याचे ठरवले होते. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला आणि जातीचा अभिमान बाजूला ठेवून आपण मजुरीला जातो म्हणाला. वडिलांच्या बाबतीत मात्र उशीर झाला होता. 1874 च्या सुमारास वडील गेले, पाठोपाठ आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या.

ही हकीकत रमाबाईंनी शोकांतिका म्हणून रंगवली नाही. आपल्या घराचा फुका ताठा, नवससायासांत गेलेला पैसा, हात असून काम न येणे, हे सारे त्यांनी उपासमारीच्या कारणांत मोजले आहे. त्यात त्यांनी आईवडिलांनाही सोडले नाही, आणि आईवडिलांवरची मायाही लपवली नाही. पुढे केडगावात प्रत्येक मुलीला हाताने करायचे एखादे काम आलेच पाहिजे, असा जो हट्ट त्यांनी धरला, त्याचे मूळ मला या अकरा दिवसांत दिसते.

बहीणभाऊ मग हजारो मैल पायी चालले. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हते. तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत शिरून डोके तेवढे बाहेर ठेवले आणि वाळू अंगावर ओढून रात्र काढली. अंगातली ऊब टिकवण्याचा हा उपाय त्यांना कोणत्या पोथीत सापडला नव्हता. 1878 मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दोन वर्षांत श्रीनिवास गेला. त्याच वर्षी, 1880 मध्ये, रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. लग्न जातीबाहेरचे होते. 1881 मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने बिपिनबाबूंनाही नेले.

चोवीस वर्षांची ही विधवा तान्ही मुलगी घेऊन पुण्याला आली आणि काही महिन्यांत तिने आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेला हंटर आयोग पुण्यात आला. रमाबाईंनी त्यापुढे मराठीतून साक्ष दिली. स्त्रीशिक्षिका हव्यात, स्त्री-तपासनीस हव्यात, हे त्यांनी सांगितलेच. शिवाय हिंदुस्थानातल्या बायकांना बाई डॉक्टर हवी, असे स्पष्ट मांडले. पुरुषापुढे दुखणे सांगण्याची लाज वाटते म्हणून किती बायका जीव गमावतात, हा मुद्दा सरकारी दप्तरात एका हिंदी बाईने नोंदवला. ही साक्ष विलायतेपर्यंत गाजली. 1885 मध्ये डफरिन फंडातून बायकांसाठी दवाखाने आणि बाई डॉक्टर तयार करण्याचे काम सुरू झाले, त्यामागच्या प्रेरणांत या साक्षीचाही उल्लेख होतो.

आपणच डॉक्टर व्हावे, असे रमाबाईंच्या मनात होते. ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशावर त्या 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे कळले की कानाने कमी ऐकू येते म्हणून वैद्यकीचा अभ्यास जमणार नाही. बहिरेपणा पुढे वाढतच गेला.

इंग्लंडात त्या वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या जोगिणींच्या संघात राहिल्या. या जोगिणी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठीही आश्रम चालवत. अशा बाईला माणसात परत घेता येते, हे रमाबाईंना नवे होते. त्यांच्या धर्मांतरामागे तत्त्वचर्चेइतकाच या दृश्याचा हात होता, असे त्यांच्याच लिखाणावरून दिसते. 29 सप्टेंबर 1883 ला त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

यानंतरची गोष्ट आपल्याकडे कमी सांगितली जाते. ज्या जोगिणींनी आसरा दिला, त्यांच्याशीच रमाबाईंचे लवकरच खटके उडू लागले. चर्चचे मत म्हणजे आपले मत, हे त्यांना मान्य नव्हते. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही तोवर पटला असे म्हणणार नाही, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांनी सांगितले, तेव्हा आपल्या देशात आपण पुरुषांच्या सभांत बोलत आलो आहोत, याची त्यांनी आठवण करून दिली. मांसमच्छी त्यांनी घेतली नाही. अंडे घातलेले पुडिंगसुद्धा त्या खात नसत आणि जोगिणींना तो निव्वळ हेका वाटे. उपकाराखाली असलेल्या माणसाने निदान गप्प बसावे, ही जगरहाटी आहे. रमाबाईंना ती कधी जमली नाही.

आनंदीबाई जोशी रमाबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. त्यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या आणि तिथे दोन वर्षांवर राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली आणि पैसा उभा केला. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. 1893 मध्ये सदनात मुलींना ख्रिस्ती केले जाते, असा गहजब उठला. रमाबाई सकाळी स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करत. मुलींना येऊन बसण्याची सक्ती नव्हती आणि बंदीही नव्हती. दार लावून घेतले असते तर पुष्कळ गोष्टी टळल्या असत्या. रानडे, भांडारकरांसारख्यांनी सल्लागार समितीतून अंग काढले, ‘केसरी’ने झोड उठवली आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

मग 1896 उजाडले. मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि मुंबईत प्लेग आला.

दुष्काळाच्या बातम्या वाचून रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. भूक त्यांनी आतून पाहिलेली होती, त्यामुळे सरकारी गरीबखान्यांत काय बघायचे हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. किती खिचडी वाटली, याचा आकडा दप्तरात होता. ती कुणाच्या पोटात गेली, रात्री तरुण मुलींच्या भोवती कोण घुटमळते, पोरींना कोण विकत घेते, हे दप्तरात नव्हते. ते त्यांनी लिहिले. एवढे लिहून त्या थांबल्या नाहीत, सुमारे तीनशे मुली व बायका गोळा करून पुण्याकडे आणू लागल्या.

पुण्यात तोवर प्लेग पोहोचला होता. 1897 च्या वसंतात प्लेगविषयी शास्त्राला काय ठाऊक होते, हे इथे पाहिले पाहिजे. जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला सापडला होता. हाफकिनने मुंबईत लस तयार करून जानेवारी 1897 मध्ये स्वतःला टोचून घेतली होती. पण उंदरावरची पिसू हा रोग माणसात आणते, हे पॉल-लुई सिमाँने कराचीत दाखवले ते 1898 मध्ये. म्हणजे रँडसाहेबाचे सोजीर पुण्यात घरोघर शिरून सामान जाळत होते, काखा-जांघा तपासत होते, माणसे छावणीत नेत होते, तेव्हा रोग नेमका कशातून पसरतो हे त्यांना माहीत नव्हते. घरे रिकामी झाली, उंदीर आणि पिसवा शेजारी गेल्या. हाती असलेली सत्ता मात्र अफाट होती. फेब्रुवारी 1897 मध्येच साथरोग कायदा झाला होता. आपल्याला कोविडच्या टाळेबंदीत भेटला तोच हा कायदा.

एवढ्या मुली शहरात ठेवायला प्लेगच्या अधिकाऱ्यांनी रमाबाईंना परवानगी दिली नाही. पुण्यातल्या प्लेग रुग्णालयात बायकांचे जे हाल होत होते आणि त्यांची अब्रू जशी वाऱ्यावर होती, त्याविषयी रमाबाईंनी मे 1897 मध्ये मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात लिहिले. पत्राचा गवगवा थेट लंडनच्या पार्लमेंटात झाला, तिथे प्रश्न विचारला गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी पत्रातला मजकूर चुकीचा आणि दिशाभूल करणारा ठरवून झटकून टाकला.

या पत्राचे मोल समजायला ते कुणी लिहिले हे पाहावे. रमाबाई ख्रिस्ती, त्यांच्या कामाला पैसा परदेशातून येणारा, आणि ज्यांच्याविरुद्ध लिहायचे ते सत्ताधीशही ख्रिस्तीच. इकडे सनातनी पुणे त्यांचे नाव घ्यायला तयार नाही. सरकारशी वाकडे घेतले तर पाठीशी कोण उभे राहणार? तरी लिहिले. चार वर्षांपूर्वी त्यांच्यावर तुटून पडलेला ‘केसरी’ आणि त्या स्वतः प्लेगच्या जुलमाबाबत एकाच बाजूला उभे राहिलेले दिसतात. इतिहासात अशा गमती घडतात. 22 जून 1897 ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्या धुमाळीत हे पत्र मागे पडले.

मुलींना घेऊन रमाबाई पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या केडगावला गेल्या. सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून तिथे शंभर एकरांच्या आसपास माळरान घेऊन फळझाडे लावली होती. आधी तंबू, मग झोपड्या, मग इमारती. हेच मुक्ति सदन. 1899-1900 मध्ये गुजरात-राजपुतान्यात छप्पन्नचा दुष्काळ पडला, तेव्हा तिकडूनही मुली आल्या आणि सदनातली संख्या दीड हजारांवर गेली. सगळ्या जगल्या नाहीत. उपासमारीच्या शेवटच्या टप्प्यात सापडलेले शरीर वाचवणे किती अवघड असते, हे तेव्हाच्या वैद्यकालाही नीट उलगडलेले नव्हते. अशा माणसाला एकदम पोटभर जेवू घातले तर रक्तातले क्षार घसरतात आणि हृदयच दगा देते, हे दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांवरून शास्त्राच्या ध्यानात आले.

आज जव्हार किंवा मोखाड्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रात अतिकुपोषित मूल दाखल होते, तेव्हा पहिल्या दिवसांत त्याला ताट भरून जेवण का देत नाहीत, असे आईला वाटते. त्याचे कारण हेच आहे. आधी त्याच्या रक्तातली साखर आणि अंगातली ऊब सांभाळतात, ताप नसला तरी जंतुसंसर्ग आहे असे धरून प्रतिजैविक देतात आणि दर दोन-तीन तासांनी सौम्य दुधाचा मोजका खुराक देतात. भूक परतली की मग उष्मांक वाढवतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर पट्टी लाल रंग दाखवते. तेव्हा त्याला ताप येण्याची वाट पाहू नये. पण केंद्रातून वजन वाढून घरी गेलेले मूल पुढे टिकते का, हे घरावर ठरते. नाचणी-वरईचे पीक दिवाळीपर्यंत पुरते, मग वारली, कातकरी, ठाकर कुटुंबे वीटभट्टीवर आणि बांधकामावर निघतात. मूलही त्यांच्याबरोबर जाते, आणि अंगणवाडीच्या वहीतली त्याच्या वजनाची रेघ तिथेच तुटते. त्या मुलाची आई पंडुरोगी असते, कधी अठरा वर्षांचीही झालेली नसते. खुराकाच्या वाटीने यातला थोडाच भाग सुटतो.

रमाबाईंनी केडगावात वाटीवर काम थांबवले नाही, म्हणून ते आजही पाहण्यासारखे आहे. त्यांनी विहिरी खणल्या. शेती, गाईगुरे, तेलाचा घाणा, विणकाम आणि छापखाना हे सारे बायकांच्या हाती दिले. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले, टोपल्या विणायला शिकवले. वृद्ध आणि पंगू बायकांसाठी वेगळी सोय केली, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन काढले. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांपासून सुरू झाले होते. दुष्काळाने आणलेल्या मुली सगळ्या जातींच्या होत्या आणि रमाबाईंच्या कामातली ती भिंत तिथे पडली.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. शारदा सदनात धर्माबाबत जो मोकळेपणा होता, तो मुक्तीत राहिला नाही. मुक्ति सदन उघडपणे ख्रिस्ती होते, 1905 मध्ये तिथे मोठी धार्मिक लाट आली आणि शेकडो मुलींचा बाप्तिस्मा झाला. ज्या पोरीला जगात दुसरा निवाराच नाही, तिची श्रद्धा कितपत तिच्या निवडीची, असा प्रश्न विचारणाऱ्यांना दोष देता येत नाही. रमाबाईंनी आपण काय करतो हे लपवले नाही, एवढे खरे. त्या लाटेवर टीका झाली तीही त्यांनी अंगावर घेतली.

शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. असलेले भाषांतर संस्कृतप्रचुर होते, खेड्यातल्या बाईला कळत नसे. स्वतः संस्कृतच्या पंडिता असलेल्या रमाबाई जड शब्द वेचून काढू लागल्या. मूळ पाहिल्याशिवाय भाषांतर खरे कसे म्हणायचे, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छपाई ही सारी कामे मुक्तीतल्याच बायका करत होत्या. 1919 मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. प्लेगच्या पत्राला तोवर बावीस वर्षे झाली होती.

काम पुढे नेईल अशी आशा होती ती मनोरमा जुलै 1921 मध्ये वारली. रमाबाईंचे कान जवळजवळ गेले होते, प्रकृती खालावली होती, पण भाषांतराचे उरलेले काम त्यांनी हातावेगळे केले आणि 5 एप्रिल 1922 ला केडगावात त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल छापून निघाले ते 1924 मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून.